मर्लचं बोट

एमेटला, माझ्या नवऱ्याला, क्लबनं काढलं त्या दिवसापासून नऊ दिवस आमच्या घरचा फोन एकदाही वाजला नाही. चौदा वर्षं तो बफलोच्या बेसबॉल क्लबचा कॅचर होता. गुडघे वाकवून बसायचा, समोरचा पिचर चेंडू टाकायचा आणि हा झेलायचा. या गावात त्याच्या नावाचा सँडविच मिळतो. पण काढलेल्या माणसाला कुणी फोन करत नाही, ही या खेळातली रीतच आहे. मॅनेजरच्या खोलीत गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत त्याच्या लॉकरवरची नावाची पट्टी निघालेली असते, आणि कालपर्यंत गळ्यात पडणारे लोक बुटाच्या नाड्या बांधायला लागतात. जणू काही साथीचा रोगच.

बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. पण मर्ल? मर्ल डूली अकरा वर्षं एमेटला चेंडू टाकत होता. आमच्या थोरलीचा तो गॉडफादर, बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्याची बायको जोअ‍ॅन अकरा वर्षं खेळाडूंच्या बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी बसली आणि तिनं माझे शेंगदाणे खाल्ले. तिचाही फोन नाही.

मी मनाशी जुळवाजुळव केली. मर्लच्या शेवटच्या तीन सामन्यांत एमेटऐवजी तो नवा पोरगेला कॅचर बसला होता. मोठ्या पिचरला आपला कॅचर मागून घेता येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे मर्लनंच एमेटचा काटा काढला. मी तसं बोललेही.

"तुला सगळ्यांचाच संशय येतो, डार्लीन," एमेट म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

त्या नऊ दिवसांत त्यानं एकच हिरवळ चार वेळा कापली. गॅरेजमध्ये बसून ग्लोव्हला तेल चोळायचा. जेवण पुढ्यातच राहायचं. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, त्याला दुसरं काही येत नाही. हा असाच बसून राहिला तर वर्षभरात मरेल, असं मला खरोखर वाटायला लागलं होतं.

एकदा जेवताना आपणहून बोलला. म्हणाला, या वसंतात मर्लचा कोपर दुखावल्यापासून त्याला एक खोड लागली आहे. ग्लोव्हच्या बाहेर राहणारं डाव्या हाताचं बोट तो वळणारा चेंडू टाकण्याआधी उचलतो. सरळ, वेगवान चेंडू टाकायचा असला की बोट पडलेलं असतं. त्याला स्वतःलाही पत्ता नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सामन्याच्या दिवशी पिचरला सांगायचं नसतं. तो बोटाचाच विचार करत बसतो. बुधवारी सांगणार होतो. सोमवारी मला काढलं."

दहाव्या दिवशी, गुरुवारी, फोन वाजला. लुईव्हिलचा क्लब. कॅचर हवा आहे, सीझन संपेपर्यंत, लगेच ये. एमेटच्या चेहऱ्यावर रंग आला. मी मात्र फ्रिजवर लावलेलं वेळापत्रक पाहिलं. शुक्रवार, शनिवार, रविवार लुईव्हिल बफलोमध्येच खेळणार होतं, आपल्याच जुन्या क्लबशी. शनिवारी चेंडू टाकणार मर्ल.

"त्यांना तू नकोयस," मी म्हटलं. "तुझ्या डोक्यात आहे ते हवंय." कॅचरला प्रत्येक पिचरचं सगळं ठाऊक असतं, आणि सामन्याच्या आधी काढलेला कॅचर उचलायची युक्ती या धंद्यात जुनीच. एमेट चिडला. कॅचर पिचरला बोटांनी करतो त्या खुणा तर क्लबनं त्याला काढलं त्याच दिवशी बदलल्या असतील, म्हणाला. मग तुला कशाला बोलावतील, हे मात्र मी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी लुईव्हिलचा मॅनेजर क्लेटन वूडरिज स्वतः घरी आला. मॅनेजर कुणाच्या घरी कधी जात नाही. मी कॉफी आणि चेरीचा केक पुढे ठेवला. त्यानं गुडघ्यांबद्दल विचारलं नाही, खांद्याबद्दल नाही, बॅटबद्दल नाही. मर्लबद्दल तीन वेळा विचारलं. एमेट प्रत्येक वेळी म्हणाला, मर्लबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

"आठवून बघ," वूडरिज म्हणाला. "माझ्याकडे तीन कॅचर आहेत, एमेट. चौथा ठेवायचा तर काहीतरी कारण लागतं."

एमेट सामान आणायला वर गेला. वूडरिज पोर्चवर आला, मी त्याच्या मागोमाग गेले. कुणी मला पाठवलं नव्हतं. मनात एवढंच होतं की आमचा घात करणाऱ्या माणसाची राखण माझा नवरा करतोय.

"याला सीझनभर ठेवाल?" मी विचारलं.

"कामाचा असेल तर ठेवीन, मिसेस कॉस्को."

मी सांगितलं. बोट, ग्लोव्ह, वळणारा चेंडू, सगळं. त्यानं टोपी काढून मला नमस्कार केला. तेव्हाच मला कसंसं झालं, पण सांगून झालं होतं.

शनिवारी दुपारी मी पाहुण्यांच्या बाजूला बसले, जोअ‍ॅन समोरच्या बाजूला. दुसऱ्या डावात मर्लच्या एकाही वळणाऱ्या चेंडूला लुईव्हिलचं कुणी बॅट लावेना. सगळे नुसते उभे. आणि सरळ चेंडू आला की त्याची वाट पाहत असल्यासारखे हाणायचे. सहा धावा झाल्या. मर्ल हाताकडे पाहत होता, कोपर चोळत होता. एमेट बाकावरून उठला आणि आपल्याच फलंदाजांकडे वळून बघत राहिला. बफलोच्या मॅनेजरनं मर्लला बाहेर काढलं तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली. अकरा वर्षांत त्याची कधी कुणी हुर्यो उडवली नव्हती.

घरी आल्यावर एमेट म्हणाला, "त्यांना कळलं कसं?"

"वूडरिज काय आंधळा आहे?" मी म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, त्याला दिसलं असेल.

रविवारी त्याला खेळवलं. दोनदा त्यानं चेंडू छान मारला, आणि मी वेड्यासारखी टाळ्या वाजवल्या. सोमवारी दहाच्या आत लुईव्हिलचा फोन आला. तीन कॅचर पुरेत, धन्यवाद.

अर्ध्या तासानं पुन्हा वाजला. एमेटनं स्वयंपाकघरात उचलला. मी वरच्या खोलीत होते, त्याच लाइनवरचा तिथला फोन उचलला. वाईट सवय आहे, मान्य.

मर्ल होता. आवाज बसलेला. त्यालाही काढलं होतं.

"तुला फोन केला नाही, लाज वाटत होती," तो म्हणाला. "तो नवा पोरगा मला न विचारताच बसवला रे. मी तीनदा मॅनेजरच्या खोलीत जाऊन भांडलो. एमेट नसेल तर मला टाकता येत नाही म्हटलं. काही उपयोग झाला नाही, मग तुला काय तोंड दाखवू?"

एमेटनं स्वयंपाकघरातली खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तू मला ओळखतोस," मर्ल म्हणाला. "मी काय करत होतो, ते सांग. त्यांना कसं दिसलं?"

एमेटनं सांगितलं. बोटाचं.

"अरे देवा," मर्ल म्हणाला. "आणि तू बोलला नाहीस त्यांना. माहीतच आहे मला, तू बोलणार नाहीस. मग हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही," एमेट म्हणाला. "फक्त डार्लीनला—"

तो थांबला. मी रिसीव्हर धरून उभी होते. ठेवला असता तर खट्ट आवाज झाला असता, म्हणून श्वास रोखून तशीच उभी राहिले.

"डार्लीन," एमेट फोनमध्येच, अगदी हळू म्हणाला, "ऐकतेयस ना?"