सत्यभामाबाईंचे हात

“बाबा, चपला राहू द्या पायात. इथं काढत नाहीत,” निशिगंधा म्हणाली.

शेषरावांनी चप्पल पुन्हा पायात सरकवली. देशमुखांच्या गढीत पायताणासकट शिरणं त्यांना अवघड वाटत होतं. पण गढी आता देशमुखांची राहिली नव्हती. बुरुजांची डागडुजी करून कुण्या संस्थेने तिथे नव्या कलेचं संग्रहालय मांडलं होतं. एका दालनात गंजलेल्या पत्र्यांचा ढीग होता, दुसऱ्यात नुसताच निळा उजेड. शेषराव दोन्हीकडे सारखेच थांबले आणि पुढे गेले. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. थांबे घ्यायची सवय होती.

त्यांना पाहायचं होतं ते जुन्या धान्यकोठारात होतं. गावच्या जिनिंगमध्ये कापूस लोटणाऱ्या बायकांच्या हातांचे साचे घेऊन एका शिल्पकार बाईने प्लास्टरचे हात घडवले होते. साचे घेतले तेव्हा त्या बायकांत शेषरावांची बायको सत्यभामाबाई होत्या. हात मांडले गेले तेव्हा नव्हत्या.

लांब टेबलावर मनगटापर्यंतचे पांढरे हात जोडीजोडीने ठेवलेले. नाव कुणाचंच नाही.

“नावं काऊन नाही लिहिली?” त्यांनी दारावरच्या मेहबूबला विचारलं. तो गावातलाच.

“हात घडवणाऱ्या बाईनंच नको म्हटलं, काका. ज्याचं त्याले ओळखू येते म्हणे.”

शेषराव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत फिरले. सगळे हात खरबरीत, सगळ्यांच्या शिरा वर आलेल्या. यांतल्याच एका जोडीने संसारभर त्यांच्यापुढे ताट सरकवलं होतं. मागून लेक येते आहे, हे त्यांना जाणवत होतं. शेवटी ते एका जोडीपाशी थांबले.

“हे तुह्या मायचे.”

निशिगंधाने त्यांचा दंड धरून त्यांना थोडं पुढे नेलं.

“हे, बाबा. करंगळी पाहा.”

करंगळी मधल्या पेरात वाकडी होती.

“मशीनच्या पट्ट्यात सापडली होती. तुम्ही तवा पुण्याच्या गाडीवर होते.”

“मले नाही सांगतलं तिनं.”

“सांगतलं होतं. तुम्ही आल्यावर जेवून राह्यले होते. मान हलवून नुसतं ‘हाव’ म्हणले.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शेषरावांना ते जेवण आठवेना. त्यांनी हात पुढे केला.

“लावू नका, काका,” मेहबूब हळूच म्हणाला. “कोणालेच लावू देत नाही.”

त्यांनी हात मागे घेतला. एक जोडपं आलं, हातांच्या रांगेचा फोटो काढून निघून गेलं. शेषराव उभेच होते.

“चला आता,” निशिगंधा म्हणाली.

गढीच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या. निशिगंधा एक पायरी खाली उतरली आणि आधाराला तिने हात पुढे केला. शेषरावांनी तो लगेच धरला नाही. आधी नीट पाहिला, एकेक बोट.

“काय पाहून राह्यले, बाबा?”

“काही नाही,” म्हणत त्यांनी हात धरला आणि पायरी उतरले.