तेलात ठेवलेलं नाणं

उल्हासने मेटल डिटेक्टर विकत आणला तेव्हा शैलजाला वाटलं, उन्हाळा सरता सरता हाही गॅरेजमध्ये कयाक होडीशेजारी जाऊन पडणार. मोटारींच्या ब्रेकमध्ये उभं आयुष्य घालवल्यावर उल्हासने कंपनीने देऊ केलेली लवकर निवृत्ती घेतली होती, आणि तेव्हापासून मिशिगनमधल्या नोव्हायच्या त्या घरात एकेक छंद येऊन राहून जात होता. दुर्बीण झाली, ब्रेड भाजायचं मशिन झालं, कयाक झाली. मुलगी सावनी सिॲटलला. घरात दोघंच. त्यामुळे छंद आला की तो तिसऱ्या माणसासारखा घरभर वावरायचा.

सुरुवातीला तो आसपासच्या पार्कांमधून फिरला. बाटल्यांची झाकणं, कॅनच्या कड्या आणि कुणाकुणाच्या खिशातून पडलेली क्वार्टरची नाणी एवढंच हाती लागलं. मग एके दिवशी चहा घेताना म्हणाला, "इथे काही नाही. लोक राहून गेलेली जागा पाहिजे. जुनी."

अशी जागा त्याने शोधलीही. साउथ लायन गावाच्या पलीकडे एक मोठं शेत होतं. रूथ नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई तिथे एकट्या राहायच्या. जमीन शेजाऱ्याला मक्यासाठी दिलेली. उल्हासने सरळ दार वाजवून परवानगी मागितली. रूथ म्हणाल्या, "खण हवं तेवढं. पण येताना बायकोला घेऊन ये. तू बाहेर उकरत बसणार, मग किचनमध्ये माझ्याशी कोण बोलणार?"

अशी शैलजा त्यात ओढली गेली.

मे महिना होता. रूथनी खिडकीतून शेताच्या मधोमध बोट दाखवलं. "जुनं घर तिकडे होतं. माझे वडील लहान असताना जळालं. नेमकं कुठे ते मला विचारू नका, लायलॅकला विचारा. लाकूड जळतं, पायाचे दगड लोक उचलून नेतात. दाराशी लावलेला लायलॅक तेवढा जागा सोडत नाही."

खरंच, नुकत्याच नांगरलेल्या उघड्याबोडक्या शेतात लायलॅकची दोन भलीमोठी झुडपं उभी होती. जांभळ्या फुलांनी गच्च भरलेली. त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं. शैलजा तिथे पोचली आणि त्या वासाने तिला जरा गुंगल्यासारखंच झालं. दोन झुडपांमधल्या मोकळ्या जागेत आपण उभ्या आहोत म्हणजे कुणाच्या तरी दारातच उभ्या आहोत, असं तिच्या मनात आलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट द्यावी तशी ती नकळत बाजूला सरकली. उल्हास कानाला हेडफोन लावून पुढे गेला होता. त्याला काही दिसलं नाही.

थोड्या वेळाने तो गुडघ्यांवर बसला. खुरप्याने मातीचा एक गोळा अलगद काढला, हाताने चुरला, आणि त्यातून एक चपटी हिरवी चकती निघाली. ना आकडा, ना अक्षर. भाकरीवर बुरशी धरावी तसा तिच्यावर हिरवा कीट चढला होता.

"तांबं," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "लार्ज सेंट असणार. पूर्वी इथला सेंट एवढा मोठा असायचा."

घरी आल्यावर शैलजाने कोळलेली चिंच आणि मीठ घेतलं. "द्या इकडे. ताम्हनासारखं लख्ख करून देते."

उल्हासने नाण्यावर पालथा हात ठेवला. "अगं नको! त्याचा सगळा जीव त्या कीटातच आहे. इतकी वर्षं मातीत राहून वरचं तांबंच कीट होऊन गेलंय. अक्षरं त्या कीटात उभी आहेत. तू लख्ख केलंस तर गुळगुळीत गुलाबी चकती राहील, बाकी काही नाही."

"मग करायचं काय?"

"ऑलिव्ह तेलात ठेवायचं. आणि वाट बघायची."

"किती?"

"ते नाणं ठरवणार."

किचनच्या दक्षिणेकडच्या खिडकीत काचेची वाटी बसली. दिवसभर तिच्यावर ऊन यायचं. तेल आधी नुसतं पिवळं होतं, मग कडेने हिरवट होत गेलं, आणि काही आठवड्यांनी मोराच्या पिसाचा रंग त्यात उतरला. शैलजा ते ओतून टाकायची आणि नवं घालायची. माती सैल झाली की लाकडी टूथपिकच्या टोकाने ती एकेक कण उचलायची. हे काम उल्हासनेच करायचं ठरलं होतं, पण त्याच्या हाताला हल्ली जरा कंप होता आणि धीर तर त्याला मुळातच कमी. दोनदा टूथपिक घसरल्यावर त्याने भिंग निमूटपणे तिच्या पुढ्यात ठेवलं.

तिला ते आवडू लागलं. दुपारची जेवणं झाली, भांडी डिशवॉशरमध्ये गेली, की ती खिडकीशी बसायची. बाहेर कुणाचं तरी लॉन मोअर लांबवर घरघरत असायचं. भिंगाखाली तांब्याचा एवढासा तुकडा मोठा होत होत एखाद्या मुलखासारखा पसरायचा. त्यात टेकड्या होत्या, ओढे होते, हिरवी रानं होती. टूथपिकचं टोक त्यातून हळूहळू वाट काढत जायचं. कधी कधी तिचा डोळा लागायचा आणि तरीही ते चालूच राहायचं. झोपेत ती त्या हिरव्या रानातून चालत असायची. पुढे कुणी बाई पाठमोरी चाललेली असायची, आणि तेलाचा एक सोनेरी थर सगळ्यावर आभाळासारखा पसरलेला असायचा. जाग आली की टूथपिक हातात आणि चहाची वेळ टळून गेलेली.

ऑगस्टमध्ये एक पान वर आलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. पानांची गोल माळ होती ती.

"बघ!" उल्हास खूश झाला. "लार्ज सेंटच. माळेच्या आत 'वन सेंट' लिहिलेलं असतं. पुढचं तू काढत राहा, येईल."

'वन' आलं. ओ, एन, ई. तीन अक्षरं यायला सप्टेंबर उजाडला. आता खालच्या ओळीत 'सेंट'चा सी यायला हवा होता. गोलाई दिसू लागली तशी शैलजाही खूश झाली. पण सी उजवीकडे उघडा असतो, हा उघडेना. गोल पुरा झाला आणि त्याच्या पायाशी एक बारीकशी शेपटी निघाली.

"अहो," ती म्हणाली, "हा सी नाहीये."

"कीट असेल अजून."

"कीट नाही. क्यू आहे."

उल्हास भिंग घेऊन बराच वेळ वाकून बसला. मग त्याने पुस्तक काढलं, इंटरनेट पाहिलं. "क्वार्टर म्हणावं तर इथला क्वार्टर कधी तांब्याचा नव्हता," असं स्वतःशीच पुटपुटत तो घरभर हिंडला. शैलजाने मात्र टूथपिक सोडली नाही. 'क्वार्टर' पुरं झालं. त्याच्याखाली ए आला. मग एन. मग आणखी एक एन. शेवटचं अक्षर निघण्याआधीच तिने ते मोठ्याने वाचून टाकलं.

"आणा."

"काय आणू?"

"अहो, आणा! पाव आणा. वन क्वार्टर ॲना. हा आपला पैसा आहे, जुना. आपल्याकडचा!"

ती हसायला लागली. हसता हसता तिच्या अंगावर काटा आला. माळेभोवती ईस्ट इंडिया कंपनीचं नाव निघालं. पलीकडच्या बाजूला दोन झिजलेले सिंह आणि खाली १८३५. मिशिगनच्या मक्याच्या शेतात, बर्फाच्या आणि नांगराच्या खाली हा पैसा इतकी वर्षं गप्प पडून होता, आणि ती त्याला अमेरिकेचा समजून न्हाऊमाखू घालत बसली होती.

"कुणी खलाशी असेल," उल्हास म्हणाला. "नाही तर कुणी नाणी जमवणारा. उगाच काही मनात आणू नकोस."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझा चेहरा म्हणतोय."

जमीन रूथची, तेव्हा नाणं त्यांना दाखवायलाच हवं होतं. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी दोघं गेले. मका कापून झाला होता आणि सगळं शेत फिकट सोनेरी दिसत होतं. रूथनी कॉफी ओतली, नाणं तळहातावर घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"इंडिया," त्या सावकाश म्हणाल्या. "आमच्या घरातलं कुणी इंडियाला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पण आजी माझी लांबून आली होती. सहा वर्षांची असताना, जहाजातून. तिचे वडील कुठेतरी धर्मोपदेशक होते. आईला तिकडेच पुरलं, असं म्हणायची. कुठे ते आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तिकडे चिमण्या घरात येतात, एवढं मात्र सांगायची. जळलं त्या घरात ती लग्न होऊन आली."

उल्हास आता पुढे सरकून बसला होता. "नगरकडे तेव्हा अमेरिकन मिशनरी होतेच," तो शैलजाला मराठीत म्हणाला. मग रूथना त्याने विचारलं, "त्या तिकडची भाषा बोलायच्या का?"

"छे. एक शब्दही नाही."

रूथनी कप खाली ठेवला. बोटांमध्ये नाणं फिरत राहिलं.

"फक्त पूरेयाटा होती," त्या म्हणाल्या.

"ती कोण?"

"दिवे मालवणारी बाई." रूथना जरा लाजल्यासारखं झालं. "आमच्याकडे वीज फार उशिरा आली. आजी रोज आमच्या खोलीत यायची, आम्हा भावंडांच्या गप्पा चाललेल्या असायच्या. ती दिव्याशी जाऊन म्हणायची, पूरेयाटा, पूरेयाटा. आणि दिवा फुंकायची. आम्हाला वाटायचं, पूरेयाटा नावाची कुणी बाई आहे. सगळ्या जगातले दिवे मालवत हिंडते. ती यायच्या आत डोळे मिटलेले असले पाहिजेत. मी माझ्या मुलांनाही तेच सांगितलं."

"प्युरे..." उल्हास भुवया आक्रसून म्हणाला. "टोमॅटो प्युरे म्हणतात, तसं काही?"

शैलजाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं. "रूथ, पुन्हा म्हणा. आजी म्हणायच्या तसं."

रूथनी डोळे मिटले. चौऱ्याऐंशी वर्षांचा चेहरा मऊ झाला. आणि त्यांच्या तोंडून जे आलं त्यात 'र' जिभेच्या टोकाशी होता, अमेरिकन नव्हता. "पुरे आता," त्या म्हणाल्या. "पुरे आता."

हे दोन शब्द शैलजाने सावनीला किती वेळा म्हटले होते! टीव्हीपुढून उठवताना, बाथटबमधून काढताना, पांघरुणाखाली पुस्तक घेऊन जागणाऱ्या पोरीच्या खोलीतला दिवा बंद करताना. सावनी "फाइव्ह मोअर मिनिट्स, आई" म्हणायची. पण शब्द तिला कळायचे.

सांगावं की नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं. या बाईने जन्मभर जपलेलं माणूस आपण एका वाक्यात नाहीसं करणार. पण रूथ तिच्याकडेच बघत होत्या, आणि तिला काहीतरी कळलंय हे त्यांना दिसलंच होतं.

"ही माझी भाषा आहे," शैलजा म्हणाली. "ते नाव नाही, रूथ. त्याचा अर्थ, आता बास झालं. लहान मूल ऐकेना की आम्ही म्हणतो. आता थांब, झोप आता."

रूथनी नाणं टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"म्हणजे पूरेयाटा कुणी नव्हतीच."

शैलजाला वाईट वाटलं. तेवढ्यात रूथच हळूहळू म्हणाल्या, "पण आजीला हे कुणीतरी म्हटलं असणार ना? तिची आई तर इंग्लिशच बोलत असणार. आणि ती लवकर गेली."

"हो," शैलजा म्हणाली. "कुणीतरी रोज म्हटलं असणार. एकदा ऐकून इतकं लक्षात राहत नाही."

"म्हणजे बाई होती."

"होती."

रूथ हसल्या. मोठ्याने, कपातली कॉफी हिंदकळेपर्यंत. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

उजेड आहे तोवर एक फेरी मारतो म्हणून उल्हास डिटेक्टर घेऊन शेतात निघून गेला. दोघी तिथेच बसल्या. रूथ म्हणाल्या, लहानपणी त्यांना पूरेयाटा दिसायची ती उंच, राखाडी झग्यातली, ओल्या बोटांनी वात चिमटणारी. शैलजा म्हणाली, झगा नसणार. नऊवारी लुगडं असणार, कासोटा घातलेलं, काम करताना आड येऊ नये असं. पायात काही नाही. हातात काचेच्या बांगड्या. दिव्यावर हात धरला की त्या वाजत असणार.

"बांगड्या!" रूथ म्हणाल्या. "म्हणूनच आजी दिवा फुंकण्याआधी कपावर चमचा वाजवायची. आम्हाला वाटायचं, औषध पिते."

"उंच होती की नाही, ते मात्र सांगता येत नाही."

"उंच होती," रूथ ठामपणे म्हणाल्या. "ते मला माहीत आहे."

"आणि गात असणार."

"काय?"

"ते नाही सांगता येणार. पण भांडी घासताना आपण काहीतरी गुणगुणतोच."

मग दोघींनी त्या बाईला अंगण दिलं, अंगणात चिमण्या दिल्या. विहीर द्यावी की नदी, यावर थोडा वाद झाला. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी तिने पोरीच्या मुठीत पैसा दिला असेल का, हे रूथनी विचारलं. शैलजाने ते नाणं उचलून रूथच्या हातात परत ठेवलं आणि त्यांची बोटं मिटली. रूथचा हात थंड होता. तिने तो सोडला नाही.

खिडकीबाहेर कापलेल्या शेतात उल्हास झुडपांपाशी वाकला होता. पानं गळायला आलेल्या त्या दोन लायलॅकच्या मधून तो एकदा इकडून तिकडे गेला, एकदा तिकडून इकडे आला. दारातून ये-जा करावी तसा.

"नाव काय असेल गं तिचं?" रूथनी विचारलं.

शैलजाने मोकळ्या हाताने चमचा उचलला आणि कपावर हलकेच वाजवला. कॉफी केव्हाच गार झाली होती.