चिकाची वाटी

वाळल्या कडब्याची पेंढी गंजीतून ओढावी तसा आवाज आधी यायचा आणि त्याच्या मागून चंद्रकला यायची. उंबऱ्याबाहेर रांजणापाशी ती हात धुवायची, पदराला न पुसता वाऱ्यावर वाळवायची आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासत उभी राहायची. माघातली थंडी असो की वैशाखाचा फुफाटा, बाळंतिणीच्या अंगाला गार हात लागता कामा नये, हा तिचा नेम. तळवे खरबरीत, बोटांच्या पेरांना भेगा. त्या हातांतून ऊब निघत असेल असं बघणाऱ्याला वाटायचं नाही.

चंद्रकला आमच्या गावची आशाताई. मुखेडपासून बसनं अर्ध्या तासावर आमचं गाव. कुणी बाळंत झालं की तिच्या फेऱ्या सुरू. खाली बसताना तिच्या गुडघ्यातून उन्हात तडकणाऱ्या तुरीच्या शेंगेसारखा आवाज निघायचा आणि तोंडातून "थकले माय" निघायचं, कुणाला उद्देशून नाही, दार करकरतं तसं. तिचा चेहरा ताजा असलेला मला आठवत नाही. माणसाचा चेहरा सकाळी एक असतो, संध्याकाळी एक. तिचा दिवसभर दुपारी तीन वाजताचाच असायचा. ऊन उतरत नाही, सावली सरकत नाही आणि कामं तर अजून पडलेलीच आहेत, असा.

पण त्या थकण्याचा एक उपयोग होता. थकलेल्या माणसाला उठायची घाई नसते, आणि बाळंतिणीला तेवढंच हवं असतं. बाकीच्या बाया यायच्या, उभ्याउभ्या दहा गोष्टी सांगायच्या, बाळाच्या नाकावर बोलायच्या आणि जायच्या. चंद्रकला भिंतीला पाठ लावून बसायची. खिडकीतून पडलेला उन्हाचा तुकडा वाकळेवरून फरशीवर उतरायचा, फरशीवरून भिंतीला लागायचा, तरी ती बसलेली असायची. तिच्या बसण्यानंच पोरींना धीर यायचा. काय करतेस असं कुणी विचारलं तर सांगायची, "बसून राहिले."

मला ती आवडायची नाही. आमच्या गल्लीत चाळीस वर्षं बाळंतिणीच्या घरात माझा शब्द चालला. शेक किती द्यायचा, डिंक कधी, अळीव कधी, सगळं मला विचारून व्हायचं. ही आली आणि माझं एकेक खोडत गेली, तेही आवाज न चढवता. भांडली असती तर मी जिंकले असते.

आमच्यात रीत अशी. बाळंतिणीचं पहिलं दूध, जाड, पिवळं, ज्याला आम्ही चीक म्हणतो, ते पिळून टाकायचं. बाळाच्या आत्यानं यायचं, कडुलिंबाच्या पाण्यानं आईची छाती धुवायची, मग बाळ पाजायला घ्यायचं. तोवर गूळपाणी, कापसाच्या वातीनं. माझ्या सासूनं मला केलं, मी पुढं केलं. का ते मी विचारलं नाही आणि मला कुणी विचारलं तर मला ते खपलं नसतं.

चार वर्षांमागं माझी नात पूजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची आई, म्हणजे माझी सून, शाळेवर शिकवते. सकाळच्या बसनं जाते. म्हणून पोरीचं सगळं माझ्याकडं. माघ अर्ध्यावर आला होता. खळ्यावर तुरीच्या राशी होत्या आणि गावभर ते बारीक पिवळं भुसकट उडून राहिलं होतं. खिडकीतल्या उन्हात ते असं तरंगायचं की ऊनच कुणी चाळून टाकलंय.

मुखेडच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. सिस्टरनं लगेच बाळ छातीशी दिलं. त्या बघत होत्या तोवर मी मान हलवली. त्यांची पाठ वळली की फडक्यात चीक पिळला आणि बाळाच्या तोंडात गूळपाण्याची वात दिली.

"आजी, सिस्टर तर पाज म्हणल्या," पूजा म्हणाली.

"म्हणतील. त्यांच्यात आत्या धुवायला येत नसल."

तिसऱ्या दिवशी घरी आलो. बाळाची आत्या, म्हणजे पूजाची नणंद, माहूरला दिलेली. गडाच्या पायथ्याला त्यांचं नारळाचं, ओटीच्या सामानाचं दुकान. पौर्णिमेची गर्दी होती. उद्या येते म्हणाली. उद्या उजाडला तर पुन्हा उद्या.

बाळ आधी रडायचं, मग कण्हायला लागलं, मग नुसतं पडून राहायला लागलं. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "लई गुणाची हाय. रडतच न्हाई." पूजाची छाती दगडासारखी झाली होती, हात लावू देत नव्हती. भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "मला दूधच न्हाई, आजी. डब्याचं आणा."

चौथ्या दिवशी दुपारी उंबऱ्याबाहेर तळवे घासल्याचा आवाज आला. मी दारात आडवी आले.

"आज नको, चंद्रकला. झोपल्यात दोघी."

"झोपू द्या की. मी बसते."

ती आत आली आणि बसली. गुडघे वाजले. थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली. मला आधी कळेना की काय ऐकते, कारण खोलीत आवाजच नव्हता.

"रडत न्हाई व्हय, आक्का?"

"न्हाई. गुणाची हाय."

"चार दिसाचं लेकरू गुणाचं नसतंय. भुकेजलेलं असतंय." तिनं दुपटं सोडलं, पोरीचा तळपाय अंगठ्यानं चोळला, ओठ बघितले. "सकाळधरनं लंगोट किती भिजले?"

"एक. तो बी काल रातीचाच आसल."

"पाजलं न्हाई?"

मी म्हणाले, "आमच्यात रीत हाय. आत्या आल्याबिगर पाजत न्हाईत."

चंद्रकलेनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. विहिरीत पाणी किती आहे ते वाकून बघावं तसं तिनं बघितलं आणि म्हणाली, "मला ठावं हाय, आक्का. तुम्हीच सांगितली व्हती."

सांगितली होती. तीस-बत्तीस वर्षं झाली असतील. चंद्रकला समोरच्या घरात नवी सून होती, देगलूरकडची. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण इथंच झालं. मुलगा. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी माझ्या पायांनी गेले आणि तिच्या सासूला सांगितलं, चीक टाका, नणंद येऊ द्या. नणंद उदगीरला होती, पाच दिवसांनी आली. पोरगं एकोणीस दिवस राहिलं. कशानं गेलं ते सांगता येत नाही. तेव्हा लेकरं बऱ्याच कारणांनी जायची आणि कुणी कारण शोधत बसायचं नाही. या दोन गोष्टी मी कधी जोडल्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही. जोडायचं टाळलं होतं. इतकी वर्षं ती माझ्या दारावरून जात-येत राहिली, आक्का म्हणत राहिली आणि हे वाक्य तिनं कुठं ठेवलं होतं कोण जाणे.

"कोमट पाणी आणता का?" ती म्हणाली. "अन् एक वाटी, उकळून."

मी उठले. त्या घरात मला कुणी काम सांगण्याची ती पहिली वेळ.

तिनं पुन्हा हात धुतले, पुन्हा तळवे घासले. कोमट फडकं पिळून पूजाच्या छातीवर ठेवलं, काखेकडून पुढं हलक्या हातानं चोळत आणलं. पूजा रडायला लागली. "दूध न्हाई म्हणतीस?" चंद्रकला म्हणाली. "हीर काठोकाठ भरलीय पोरी, मोटारच लागंना गेली."

मग वाटीत पहिला थेंब पडला. पिवळा, जाड. पुढचे जरा फिके होते, पण पिवळेपण गेलेलं नव्हतं. मी टाकलेला तेवढा गेला होता. सगळा गेला नव्हता. ती वाटी तिनं उन्हाच्या तुकड्यात धरली. हळदीच्या पाण्यासारखी दिसली.

"आमची म्हस व्याली तवा चिकासाठी डबा कुणी धाडला व्हता, आक्का?" माझ्याकडं न बघता ती म्हणाली. "म्हशीचा चीक खरवसाला, अन् बाईचा मोरीत."

पूजाला रडता रडता हसू आलं. हसली तशी दुसऱ्या बाजूची धार आपोआप सुटली, चोळी भिजली. चंद्रकला म्हणाली, "बघ. ही अशी असती. शिव्या देऊन येत न्हाई."

चमच्यानं चार घुटके आधी पाजले. मग पोरीला उघडं करून आईच्या उघड्या अंगावर घातलं, वरून लुगडं. पोटाला पोट, छातीला हनुवटी. पोरीनं टोक धरलं आणि पूजा कळवळली, "दुखतंय, मावशी."

"वरवर धरलंय तिनं. ओढू नको. तोंडाच्या कोपऱ्यात बोट घाल, सोडीव. आता थांब. जांभई दिल्यावाणी तोंड उघडू दे. आता दे, काळा भाग बी आत जाऊ दे."

तीनदा सुटलं. चौथ्यांदा धरलं. खोलीत आधी काहीच ऐकू येईना, मग कुणी लांबवर पाणी भरत असावं तसा बारीक, सावकाश गिळण्याचा आवाज आला. मी सत्तर वर्षांत पुष्कळ आवाज ऐकले. हा मी पहिल्यांदा नीट ऐकला. चंद्रकलेनं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"डब्याचं?" पूजानं विचारलं.

"लागलं तर डॉक्टर सांगतील, त्यात काय लाज हाय? आधी तुझं तिला देऊन बघू. दोन-अडीच तासाला उठवायचं, झोपली आसली तरी. वरचं पाणी न्हाई, गूळ न्हाई. तू पोटभर जेव अन् ती झोपली की झोप." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दिवेलागणीपतूर लंगोट भिजला न्हाई तर मी रिक्षा घेऊन येते. मुखेडला जायाचं. तवा रीत काढू नका."

दिवेलागणीला लंगोट भिजला. तो ओला लंगोट हातात धरून मी परसात बराच वेळ उभी राहिले. धुवायला टाकायचा सोडून.

सहाव्या दिवशी आत्या आली, कडुलिंबाचा पाला घेऊन. मी म्हणाले, "बाई, धुवायचंच आसल तर परसात लंगोट हायेत." ती हसली आणि तिनं धुतलेही. चांगली आहे पोरगी.

चंद्रकला रोज यायची. तीन वाजताचा चेहरा, गुडघे, थकले माय. पूजा शिकली. पोरगी बाळसं धरू लागली. महिन्याच्या शेवटी चंद्रकला निघाली तेव्हा मी उंबऱ्यापर्यंत गेले. इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "चंद्रकला, तुझं पहिलं—"

ती चप्पल घालत होती. दुसऱ्या पायातलीही घालून झाली. मग म्हणाली, "लई गुणाचं व्हतं, आक्का. रडायचंच न्हाई."

आणि गल्लीतून चालत गेली, भुसकट उडत असलेल्या उन्हातून, एका बाजूला कललेली, पिशवी खांद्याला. म्हणण्यासारखं जे होतं ते तीस वर्षं शिळं होतं.

गेल्या पौषात ती गेली. दुपारी बसल्या जागी, भिंतीला डोकं टेकून. घरच्यांना वाटलं झोपली. नवी आशाताई हुशार आहे, मोबाइलवर चित्रं दाखवते, सगळं बरोबर सांगते. फक्त तिला पाच गावं आहेत, बसायला वेळ नाही. म्हणून गल्लीतली पोरगी बाळंत झाली की आता मला बोलावतात. मी सांगत काही नाही. सांगायचं ते नवी सांगून गेलेली असते. मी बसते.

जायच्या आधी रांजणापाशी हात धुते आणि वाऱ्यावर वाळवते. मग तळवे आपोआप एकमेकांवर यायला लागतात, आणि तो वाळल्या कडब्याचा आवाज येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं. गल्लीत कुणी नव्हतं. गेलेलं माणूस परत येत नाही, ते मला कळतं. पण त्याची एखादी सवय न विचारता येते आणि आपल्याच हातात राहायला लागते. तिला हाकलताही येत नाही आणि तिची माफीही मागता येत नाही. हात गरम होईपर्यंत नुसतं उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागतं.