पाचवी जागा

"अण्णा, शाळावाल्यांना पाचवी जागा लागली! आता चहा तुमच्याकडून," टायपिस्टने कागद नाचवत सांगितलं.

निवडणूक कचेरीत त्यांना सगळे भागाकारअण्णा म्हणत. सत्तावीस वर्षं ते जागांचा हिशेब करत होते. पक्षाला मिळालेल्या जागांत एक मिळवायचा, त्या आकड्याने त्याच्या मतांना भागायचं. ज्याचं उत्तर मोठं, पुढची जागा त्याची.

बायकोला हे कधी पटलं नाही. "माझं मत अख्खं ठेवा हो, भागत काय बसता?" दर वेळी ती शाळावाल्यांनाच, 'शाळा' चिन्हाच्या त्या छोट्या पक्षालाच, मत द्यायची. त्यांचा एकही माणूस कधी निवडून आला नव्हता. "येईपर्यंत देणार. बघू आधी कोण थकतं ते."

मतदानाला दोन महिने राहिले असताना ती गेली.

अण्णांनी चष्मा पुसला. चार जागा वाटून झाल्या होत्या: मोठ्या पक्षाला तीन, दुसऱ्याला एक. शाळावाल्यांची मतं चौदा हजार नऊशे साठ. कागदावर त्याहून मोठं उत्तर कुणाचंच नव्हतं. खाली टायपिस्टची सही झालेली, फक्त अण्णांची राहिली होती. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच थांबलं.

"पोरी, दुसऱ्याच्या तीस हजारांना चारने का भागलंस? एकच जागा आहे ना त्याची?"

"अगं बाई! वरच्या ओळीचा आकडा घेतला मी." तिने दोनने भागलं. "पंधरा हजार. गेली की हो जागा! सही करून टाकली असती तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं. नवा कागद घे."

शाळावाल्यांच्या प्रतिनिधी, एक निवृत्त शिक्षिका, सकाळपासून बाकावर बसून होत्या. अण्णा स्वतः उठून त्यांच्याकडे गेले आणि जागा हुकल्याचं सांगितलं.

"किती मतं कमी पडली हो?"

"एक्केचाळीस."

"मागच्या खेपेला सातशे होती." बाई हसल्या. "म्हणजे सरकतोय आम्ही पुढे. मला याची एक नक्कल द्याल? घरी दाखवते."

हरलेल्यांना नक्कल द्यायची पद्धत नव्हती. अण्णांनी कोरा कागद ओढला आणि एकेक आकडा सावकाश, सुवाच्य उतरवला. एक्केचाळीसपाशी त्यांचा हात थांबला. घरातलं एक मत यंदा पडलं नव्हतं.

मग त्यांनी एक्केचाळीसच लिहिलं.