मागचं डावं दार

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराचं लॉक खराब आहे, हे मी तीन वर्षं खरं मानलं. पोटच्या पोराने सांगितलेलं, संशय कशाला घेऊ? बाहेरून दार नीट उघडायचं. आतून खटका कितीही ओढा, ढिम्म. "आई, मी येऊन उघडेपर्यंत बसून राहा," सुशांत म्हणायचा. पलीकडे सरकत जायला माझे गुडघे तयार नाहीत. मी बसून राहायची.

माझ्या भाचीचं, श्रुतिकाचं लग्न मुलुंडला होतं. हॉलच्या दारात सून आणि नात उतरल्या. सुशांतने गाडी मागे नेऊन लावली, तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला आणि साहेब बोलत बोलत निघून गेले. मला विसरले, गाडी लॉक करायलाही विसरले! माझा मोबाइल सुनेच्या पर्समध्ये. इंजिन बंद, त्यामुळे काचही खाली होईना. मी काच बडवत बसले. शेवटी वॉचमनने दार उघडलं. आत पोचले तेव्हा मंगलाष्टकं संपली होती आणि लोक जेवणाच्या रांगेत उभे होते. भावाने विचारलं, "जानकी, खंय होतंस?" काय सांगणार? त्या दिवशी मी लॉकला शिव्या घातल्या. पोराला एकही नाही.

या महिन्यात सुशांतला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हटलं, वाढदिवसाच्या आत लॉक नवीन बसवून त्याला चकित करू. तो ट्रेनने ऑफिसला गेला, तशी मी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि नाक्यावरच्या गॅरेजमधून चंद्रप्रकाशला सोसायटीत बोलावलं. बाहेरून दार उघडून तो वाकला, दाराच्या कडेला बोट लावलं आणि तसाच थांबला.

"मावशी, लॉक एकदम ओके आहे. चाइल्ड लॉक लावलंय."

"म्हणजे?"

"लहान पोरं चालत्या गाडीत दार उघडतात ना, त्यासाठी ही खिटी असते. फिरवली की आतून उघडत नाय. घरात बारकं कोण आहे?"

"नात बारावीत आहे. ही आपोआप फिरते?"

"नाय हो. मुद्दाम फिरवावी लागते."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. मला मात्र सगळं लख्ख आठवलं. तीन वर्षांपूर्वी घाटकोपरच्या सिग्नलला कोळणीच्या पाटीत सुरमई दिसली आणि मी गाडीतून उतरले होते. मागे हॉर्नचा कल्लोळ, सुशांत लालबुंद. मी मासा घेऊनच परत बसले. त्यानंतर आठच दिवसांत लॉक 'बिघडलं' होतं.

खिटी मीच फिरवली. आत बसले, दार ओढून घेतलं, खटका ओढला. उघडलं. दहा वेळा तरी उघडलं असेल.

संध्याकाळी सुशांत घरी आला, त्याला चपला काढायलाही वेळ दिला नाही.

"माका खुळी समाजलंस काय रे?"

त्याने बायकोकडे पाहिलं. जान्हवी म्हणाली, "मी सांगत होते ह्याला, आईंना खरं सांगून टाक."

म्हणजे तिलाही ठाऊक!

"तुझ्या काळजीपोटीच केलं ना आई. भर रस्त्यात उतरतेस, काही झालं असतं तर?"

"मग भांडायचं होतंस माझ्याशी. तुला बोलायची हिंमत नव्हती म्हणून मला कोंडलंस? भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या माझ्या!"

"सॉरी ना. पण आता उतरायच्या आधी निदान विचारत जा."

"नाही विचारणार. रस्ता बघेन, मागे बघेन आणि उतरेन. तुला नाही विचारणार. त्या खिटीला परत हात लावलास, तर तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही."

मी माघार घेतली नाही. चूक माझी नव्हती.

रविवारी जान्हवीच्या माहेरी भांडुपला गेलो. गाडी फाटकाशी थांबली. सुशांत सवयीने वळसा घालून माझ्या दाराशी आला आणि हात पुढे केला. मी आधी आरसा पाहिला, मग मागे वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. मी खटका ओढला.

"सुशांत, बाजूला हो," मी म्हटलं, "दार लागेल."