माझ्या पोटातली ठकठक

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. पण माझ्यातलं निम्मं सामान माझं नाही. इंजिन दुसऱ्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचं, बाकं सुताराने ठोकलेली, आणि सगळं अंग हिरवं असताना एक दार निळं. त्यामुळे कुठे दुखलं, तर नेमकं कोणाचं दुखतंय हेच मला कळत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मात्र मी अख्खी होते. जव्हारच्या एका ठेकेदाराने मला जंगलातल्या कामांवर भरपूर राबवलं. साहेबलोक बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "दणकट गाडी आहे!" मग नवी गाडी आली आणि मला शेडमागे ढकललं. माझ्या बॉनेटवर कारल्याचा वेल चढला. तिथून मला साखरशेतच्या जिवाने उचललं. जिवा भातशेती करणारा माणूस. पण जव्हारच्या हेमंत मिस्त्रीला हाताशी धरून त्याने मला पुन्हा उभं केलं. जिवा गेल्यावर त्याचा मुलगा विनोद मला चालवू लागला. वावर-वांगणीकडच्या गावांतली माणसं जव्हारला न्यायची-आणायची, हे आमचं काम. घर त्यावरच चालायचं.

मग ती ठकठक सुरू झाली. चढ लागला, विनोदने जोर दिला, की माझ्या पोटात ठक्, ठक्! पावसाळ्यात नाही, ऊन तापलं की हमखास. बाजाराला निघालेली विनोदची आई, हौशी, पुढच्या बाकावर पदराआड खोकत बसलेली असायची. मागून कोणी विचारलं, "इंजिन फुटंल का रं?" तर तीच घाईने सांगायची, "काय नाय होत. बरी हाय ती."

विनोद मला हेमंतकडे नेई, आणि इथेच माझी मती गुंग व्हायची. हेमंतच्या दारात मी एकदम गप्प! तो बॉनेटमध्ये कान घालायचा, मला चढावर पळवून आणायचा; आवाजच नाही. एकदा त्याने टॅपेट बदलले, एकदा बेरिंग. घरी येऊन चार फेऱ्या झाल्या, की पुन्हा ठक्, ठक्. शेजारची गोजाबाई म्हणाली, "आधीच्या गाडीचा जीव अडकलाय तिच्यात." विनोदने नारळ फोडला. ठकठकीला तो आवडला नसावा. आणि मी? मीच लबाड आहे का, मिस्त्रीला बघून मुद्दाम गप्प बसते का, या विचाराने मला माझीच लाज वाटायची.

हौशीचा एक शिरस्ता होता. दुसऱ्याच्या दारात मळकं जायचं नाही. दवाखान्यात जायचं तर ती आधी न्हाणार, ठेवणीतलं लुगडं नेसणार, आणि तिथे जाऊन "बरं हाय" म्हणणार. मलाही मिस्त्रीकडे न्यायचं झालं, की आदल्या संध्याकाळी ओढ्यात उभी करून खालून-वरून चिंब धुणार. मला ते लाड फार आवडायचे.

यंदा माणसं माझ्यात बसेनाशी झाली. विनोदने आपल्या बायकोला, रंजनाला विचारलं आणि मग आईला सांगितलं, "आये, आथा बास. गाडी भंगारात देतो. आम्ही दोघं वसईला बांधकामावर जातो."

हौशी एकटी उरणार होती. ती एवढंच म्हणाली, "एक डाव हेमंतला दाखव. मंग जा."

पण ओढा आटला होता. टँकरच्या पाण्यासाठी हंडे रांगेत लावलेले. "प्यायला पाणी नाय, गाडी कशानं धुवू?" असं पुटपुटत हौशी कालच्याच लुगड्यात, ओशाळून, माझ्या पुढच्या बाकावर बसली. धुळीने माखलेली मी हेमंतच्या दारचा चढ चढले आणि ठक्! ठक्!

हेमंत चहा सांडत धावत आला. "बंद करू नको! बंद करू नको!" तो माझ्याखाली सरपटत गेला आणि बाहेर आला तो हातात लाकडाची पाचर घेऊन. "इंजिनाखाली रबर असतं, त्या जागी ही. ग्रीस माखलेली, म्हणून कधी ओळखूच आली नाही. वाळून आखडलीय. जोर दिला की इंजिन उचलतं नि खाली आपटतं. भिजली की फुगून घट्ट बसत असणार. मावशी, तुम्ही दर वेळी आवाज धुऊनच आणत होता!"

विनोदने पाचर हातात घेतली. "ही नांगराची. बाच्या हातची."

नांगराची पाचर वाळून सैल झाली, की ती पाण्यात भिजवून घट्ट करतात. पुढे कधीतरी माझं रबर झिजलं आणि नवं मिळालं नसेल, म्हणून जिवाने मलाही नांगरासारखंच मानलं होतं. विनोदच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार भरून आलं.

हेमंतने नवं रबर बसवलं. भंगारवाल्याला 'येऊ नको' असा निरोप गेला, वसई राहिली, आणि पाचर पुन्हा नांगराला लागली.

मित्रांनो, जुन्या गाड्यांना जपा, धुवापुसा. पण मिस्त्रीकडे नेताना आहे तशाच न्या. आम्हाला आमचं दुखणं सांगता येत नाही हो.

परतताना दवाखाना लागला, तशी हौशी म्हणाली, "थांबव." मळक्या लुगड्यातच ती उतरली. नर्स दारातच उभी होती.

"काय होतंय, आजी?"

"बरं..." म्हणता म्हणता हौशी थांबली. तिने एकदा वळून माझ्या धुळकट बॉनेटकडे पाहिलं.

"रातचा खोकला जात नाय मना," ती म्हणाली. "लय महिनं झालं."