घरातली सगळ्यात मऊ जागा

लॅपटॉपच्या बॅटरीचं वाटोळं मी केलं, असं माझ्या पोरीचं, दीपाचं म्हणणं. आता तुम्हीच ऐका.

त्या लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात कापूस कोणी घेईना. मारेगावजवळच्या आमच्या घरात पुढची खोली छतापर्यंत भरलेली, आणि आम्ही कापसामुळे खाजणारं अंग खाजवत ओसरीत. दीपा यवतमाळच्या कॉलेजातून लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा मी ढिगात खड्डा करून तो त्यात ठेवला. चार्जर चोवीस तास लावलेला. याहून जास्त सरबराई जावयाची तरी होते का?

जूनमध्ये नागपूरच्या कंपनीची मुलाखत ठरली, लॅपटॉपवरच. नोकरी कसली, तर लॅपटॉप बिघडलेल्या लोकांना फोनवर सल्ला द्यायची. आदल्या दिवशी दीपानं बॅटरी तपासली आणि ओरडलीच.

"बाबा, तीन तास चालत होता, आता वीस मिनिटं! कापसात घालून उकडला तुमी त्याले!"

"अवं, गादी देल्ली मी त्याले!"

"त्याले हवा लागते. अन् चार्जर सतत कायले लावला?"

"मंग उपाशी ठेवू काय?"

माझी बायको कौसल्या पदर तोंडाला लावून हसत होती. मला असा संताप आला की जेवलोच नाही. पण खरं तर भीती वाटत होती. मुलाखत अर्ध्या तासाची, आणि आमच्याकडे दुपारी विजेची लाइन हमखास जाते.

दुसऱ्या दिवशी दीपानं जुन्या टूथब्रशनं लॅपटॉपच्या हवेच्या जाळीतला कापूस काढला, तो दोन विटांवर ठेवला, पडद्याचा उजेड कमी केला. इंटरनेट मोबाईलचं होतं. मुलाखत सुरू झाली आणि पाच मिनिटांत लाइन गेली. मी दाराआड घड्याळ धरून उभा.

शेवटी कंपनीच्या मॅडमनी विचारलं, "बॅटरी लवकर उतरते म्हणून कोणी फोन केला, तर आधी काय विचाराल?"

"लॅपटॉप ठेवता कशावर, हे विचारीन. गादीवर म्हणाले तर रागावणार नाही. घरातली चांगली जागा दिलेली असते त्यांनी."

मला एकदम रडू आलं. तेवढ्यात पडदा काळा झाला. माझ्यामुळे गेली पोरीची नोकरी, म्हणून मी तिथंच बसलो.

दहा मिनिटांनी तिचा मोबाईल वाजला. "हो मॅडम, हो," म्हणत तिनं ऐकलं, मग माझ्याकडे वळली.

"सोमवारपासून, बाबा. घरूनच."

मी खोलीतला कापूस सारून फरशीचा एक कोपरा मोकळा केला, आणि त्या दोन विटा तिथं नेऊन ठेवल्या.